एका फटीची चकती

आधी मॅडमचं सांगते, मग काय झालं ते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सुप्याच्या माळावर वाढलेल्या, आता लांबच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, नाकावरून घसरलेला चष्मा मनगटानं वर ढकलणाऱ्या त्या मॅडम. त्यांनी माझं काम वाचवलं. कामापेक्षा मोठं म्हणजे माझ्या मुलीचं इथं येणं वाचवलं. पण त्या आल्या त्या दिवशी मला वाटलं होतं की ही बाई मला घालवायलाच आली आहे, आणि पुढं बरेच दिवस ते माझ्या मनातून निघालं नाही.

माझं गाव इथून फार लांब, भंडाऱ्याकडं, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात. सातवीनंतर शाळा सुटली. का सुटली ते सांगत बसत नाही, आमच्याकडं मुलींची सुटते तशीच सुटली. लग्न झालं, मुलगी झाली, लग्न काही टिकलं नाही. मावसबहीण आणि तिचा नवरा बारामतीला कामाला होते, त्यांच्या मागं मी आले. मुलीला आईजवळ ठेवलं. आधी डाळिंबाच्या पॅकिंगला गेले. दिवाळीनंतर भाऊजींनी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये चिकटवून दिलं. शिकाऊ म्हणून. मालक म्हणाले होते, काम नीट केलंस तर पक्की करू. पक्की झाले की खोली मिळणार होती आणि जूनला मुलीला आणून इथल्या शाळेत घालायचं होतं. सगळं त्या एका शब्दावर लटकलेलं, पक्की.

आई फोनवर रोज एकच सांगायची. "कोनावर लवकर भरोसा नोको ठेवजो, बाई. परका मुलूख आहे." ते मी इतकं मनावर घेतलं की चहाचा कप कुणी पुढं केला तरी मी आधी करणाऱ्याचं तोंड बघायची.

शेडमध्ये साखर कारखान्याचे, दूध डेअरीचे सुटे भाग बनायचे. मला तोलाच्या टेबलावर टाकलं. तोल म्हणजे काय, तर टायरवाला चाक फिरवून बघतो ना, कुठली बाजू जड आहे, आणि मग रिमला शिशाचा तुकडा ठोकतो, तेच. फक्त फार बारीक. आमच्याकडं तुकडा ठोकायचा नाही. गोल भागाच्या तोंडावर बारीक आट्यांची भोकं असतात, त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान स्क्रू घालायचे. कुठल्या भोकात कुठला स्क्रू ते मशीन सांगतं. आवळायला खास पाना असतो. पुरेसं आवळलं की तो हातात 'टिक' वाजतो. टिक वाजेपर्यंत सोडायचं नाही, वाजल्यावर ओढायचं नाही. हे मला टेबलाचे मुख्य, तात्या, यांनी शिकवलं.

तात्या इंदापूर तालुक्यातले. घरी ऊस, अंगात कारखान्यात घालवलेलं आयुष्य, डोक्यावर पांढरी टोपी. रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळल्याशिवाय बटण दाबत नसत. माझा डबा उघडला की त्यांची गंमत सुरू व्हायची.

"आली का भातवाली? अगं, भाकरी खा की जरा. भातानं अंगात जोर येत न्हाय, पाना कशानं आवळनार?"

"टिक तर वाजते तात्या."

"वाजतीय, पर पान्यालाच दया येत आसंल तुजी."

सगळे हसायचे. मीही हसायची, पण आतून मोजत राहायची की ही थट्टा आहे की पुढच्या कशाची तरी तयारी.

मी आले तेव्हा टेबलाशेजारी लाकडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, एक चकती ठेवलेली होती. लग्नातल्या मोठ्या परातीएवढी. ॲल्युमिनियमची, वरून राखाडी लेप दिलेला. कडेला एकच फट, जणू कुणी पोळीचा तुकडा मोडून घेतलाय. बाकीचं काम दिवाळीच्या आधीच झालेलं होतं, शेवटचा तोल तेवढा राहिला होता. तात्या तिला हातमोज्याशिवाय हात लावू देत नसत. ड्रॉइंगवर इंग्रजीत लिहिलेलं मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं. न्यूट्रॉन. जेवणाच्या सुट्टीत फोनवर टाकलं. पहिलंच चित्र आलं ते छत्रीसारख्या ढगाचं.

मी फोन पालथा ठेवला. हात धुऊन आले. मग विचारलं, "तात्या, हे बॉम्बचं काम आहे का?"

"बॉम्बचं असतं तर तुझ्या हातात दिलं असतं व्हय?"

वेल्डिंगवाला पलीकडून म्हणाला, "दिलं बी असतं. असल्या कामाला लांबचीच मानसं घेत्यात. काय झालं तर इचारायला कोन येतंय?"

पुन्हा सगळे हसले. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. हातमोजे कुणासाठी, माझ्यासाठी की चकतीसाठी? लेप कशाचा? मला धड माहीत नाही आणि माझ्याच हातून स्क्रू लावून घेतात, ते का? एक मात्र केलं. जे काम दिलं ते सांगितलं तसंच केलं. सगळ्या भोकांत स्क्रू घातले, प्रत्येक टिक ऐकली. मशीनवर चकती फिरवली तर तोल असा जमला की तात्या म्हणाले, "भातवालीनं नाव काढलं." त्यावरही मी जास्त हसले नाही.

मॅडम आल्या थंडीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात. चकती परदेशातल्या त्यांच्याच प्रयोगशाळेला जायची होती. जाण्याआधी ती पूर्ण वेगानं फिरवून बघायची, आणि तीही हवा काढून घेतलेल्या टाकीत, त्यासाठी मालकांनी डाळजजवळ हायवेपासून आत, शेतात वेगळी शेड बांधली होती.

मालकांशी मॅडम अगदी पुस्तकातल्यासारखं बोलल्या. मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "तात्या, च्या पाजनार का आसंच उभं करनार?"

"आँ? कुठल्या म्हनायच्या?"

"सुप्याची हाय मी."

"सुप्याच्या! तरीच. सुप्याला पानी न्हाय, म्हनून तिकडची मानसं शिकत्यात."

"व्हय, आन तुमाकडं पानी लई, म्हनून तुमी उसातनं भाईर येत न्हाय."

तात्या खूश झाले. माझ्या मनात मात्र खूण झाली. बाईला दोन बोल्या येतात. एक साहेबांसाठी, एक माणसं आपलीशी करून घेण्यासाठी. माझ्याशी कुठली वापरते बघू.

माझ्याशी त्या साधंच बोलल्या. "तुम्ही कुठल्या?"

"भंडाऱ्याकडच्या."

"केवढ्या लांब! आणि ह्या टेबलावर कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर," त्या स्वतःशीच परत म्हणाल्या. "आणि हे सगळे स्क्रू तुम्हीच लावलेत?"

"हो."

"एकदा धरून दाखवता पाना?"

मी धरला. त्यांनी फोन काढून माझ्या हातांचा फोटो घेतला. तोंडाचा नाही, हातांचा. मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. चोर पकडतात तेव्हा बोटांचे ठसे घेतात, हे मी ऐकून होते.

दुसऱ्या दिवशी चकती पेटीत घालून पिकअपनं डाळजला न्यायची होती. पुढं ड्रायव्हर, मॅडम आणि मी. तात्या मागं, पेटीला धरून. भिगवणच्या रस्त्याचं काम चाललेलं, एकच बाजू उघडी. एका टोकाला झेंडेवाला, तो थोडा वेळ आपल्याकडच्या गाड्या सोडणार, मग थोपवणार. त्यात उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. आम्ही झेंड्याजवळ उभे राहिलो. ड्रायव्हर चिडला होता. मॅडम मात्र काच खाली करून मजेत बघत होत्या.

"तुम्हाला माहीत आहे का, ही चकती कशासाठी आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी सावध झाले. माहीत आहे म्हणावं तर कुणी सांगितलं विचारतील, नाही म्हणावं तर अडाणी ठरेन. "बॉम्ब नाही ना?" एवढंच तोंडातून निघालं.

त्या हसल्या नाहीत, हे मला आठवतं. "नाही. त्याच्याशी काही संबंध नाही. हे बघा, हा झेंडा. आता तो हलला की सगळे एकदम सुटतील. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, बैलगाडी. पलीकडच्या टोकाला तुम्ही डोळे मिटून बसलाय, हातात फक्त घड्याळ. पहिल्यांदा कोण पोचणार?"

"मोटारसायकल."

"सगळ्यात शेवटी?"

"बैलगाडी."

"मग डोळे न उघडता कळलं ना, कोण आलं ते? न्यूट्रॉनचं तसंच. डोळ्याला न दिसणारे कण. आमच्याकडं ते एका ठोक्याला एकदम सुटतात आणि लांबलचक नळीतून धावतात. गंमत अशी की ते कण असून लाटेसारखे वागतात. जो वेगानं धावतो त्याची लाट आखूड, जो रमतगमत येतो त्याची लांब. म्हणून पोचायला किती वेळ लागला ते मोजलं की लाट केवढी ते कळतं."

"मग चकती?"

"आम्हाला सगळे नको असतात. ठरावीक लांबीच्या लाटेचेच हवे असतात. म्हणून वाटेत ही चकती फिरत ठेवायची. फट समोर येईल तेवढ्या क्षणात जे पोचले ते पार. बाकीचे त्या राखाडी लेपात अडकतात. लेप त्यांना गिळतो."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला काही करत नाही. हातमोजे चकतीसाठी आहेत, तुमच्या बोटाचं तेल लेपाला लागू नये म्हणून."

झेंडा हलला. आम्ही सुटलो, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा अडकलो. पुढं दोन बैलगाड्या रस्ता व्यापून चाललेल्या.

ड्रायव्हरनं स्टेअरिंगवर हात मारला. "ही बघा! मागच्या खेपेला सुटलेली ही! अजून हितंच."

मॅडम एकदम सरळ बसल्या. "हे! अगदी हेच. आता पलीकडं डोळे मिटून बसलेल्याला काय वाटेल? ही बैलगाडी आणि आपली पिकअप एकदम पोचली, म्हणजे दोघं एकदमच सुटले. फसला की नाही तो? आमच्याकडंही मागच्या ठोक्याचे सावकाश चालणारे कण पुढच्या ठोक्याच्या वेगवान कणांबरोबर पोचतात, आणि सगळा हिशोब चुकतो. असल्या मागून येणाऱ्यांना थोपवायला एक वेगळी चकती लागते. मागं पेटीत आहे ती तीच."

"म्हणजे बैलगाड्या अडवनारी!" ड्रायव्हर म्हणाला. "अशी एक आमच्या रस्त्याला बी लावा."

पुढं रस्ता मोकळा झाला. बाजूला डाळिंबाच्या बागा लागल्या. मॅडमनी बोट केलं. गाडी चालत असताना झाडं नुसती गर्दी वाटतात, मग अचानक ओळी सरळ उघडतात, पार बांधापर्यंत दिसतं, पुन्हा मिटतात. थोड्या वेळानं तिरक्या ओळी उघडतात. त्या म्हणाल्या, पोलादात, दगडात, औषधाच्या भुकटीत अणू असेच ओळीनं लावलेले असतात. न्यूट्रॉनची लाट आणि ओळींतलं अंतर यांचं जमलं की तो ठरावीक दिशेला वळतो. एका जागी बसून, कुठल्या लाटेचे वळून आले ते वेळेवरून ओळखायचं, की ओळींतलं अंतर कळतं. तुकडा न कापता आतलं कळतं. रेल्वेचा रूळ आतून ताणलाय का, तेसुद्धा.

मला ते सगळं त्याच दिवशी कळलं असं नाही. पण बागेचं कळलं. तरी मनात दुसरंच चाललेलं. एवढी शिकलेली बाई माझ्यासारखीला एवढं का समजावते आहे? गोड बोलून काहीतरी काढून घ्यायचं असणार. काय काढून घेण्यासारखं आहे माझ्याकडं, हे मात्र मला सुचेना.

डाळजच्या शेडमध्ये जमिनीत खड्डा घेऊन जाड पोलादी टाकी बसवली होती. तिच्यात चकती, वर झाकण, मग पंप लावून हवा ओढून घ्यायची. आम्ही वाळूच्या पोत्यांमागं उभे. समोरच्या पडद्यावर एक रेघ, चकती थरथरली की ती जाड व्हायची. पहिल्या दिवशी रेघ केसासारखी. तात्यांनी टाकीला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रेघ जरा फुगली. तिसऱ्या दिवशी पुरा वेग घ्यायच्या आतच टाकी घुमायला लागली आणि मशीन आपोआप बंद पडलं.

थरथरली तर काय बिघडतं, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. फट ठोक्याबरोबर नेमकी यायला हवी. चकती डगमगली की फट आधी नाहीतर नंतर येते, आणि नको ते पार होतात. अशी चकती कुणी घेत नाही. शिवाय तेवढ्या वेगात काही सुटलं तर टाकी फोडून बाहेर येईल.

तात्यांनी टोपी मागं सरकवली. "स्क्रू ढिला पडलाय. दुसरं काय आसनार?"

स्क्रू कुणी लावले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

मालक आले. त्यांनी ओरडा केला नाही. "तात्या, मी म्हणत होतो ना, नवीन माणसाकडं हे काम देऊ नका."

"मी उभा हुतो मालक तितं. टिक वाजत हुती."

"टिक वाजत होती, मग हे काय आहे?" मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. डोळ्यांसमोर दुसरं काही नाही, मुलगी दप्तर घेऊन आईच्या दारात बसलेली. सुट्टीत गेले होते तेव्हा तिनं ते दप्तर माझ्यासाठीच जपून ठेवलं होतं, इथल्या शाळेत न्यायला.

मॅडम पडद्यावरच्या जुन्या रेघा मागंपुढं करून बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "ह्यांना आत्ता कुठं पाठवू नका. मला त्या इथं हव्यात."

झालं, मला वाटलं. आता सुटकाही नाही. काढून टाकणार, पण आधी सगळ्यांसमोर दाखवून देणार.

दुपारी बाहेर पाण्याच्या टाकीजवळ मी डबा उघडला. घरचा भात, आईनं पाठवलेल्या तांदळाचा. एक घास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. आईचा फोन आला. मागून मुलीचा आवाज, "आई, कधी नेशील?" मी म्हटलं, इथं आवाज येत नाही नीट, आणि बंद केला. आवाज चांगला येत होता.

परत गेले तर चकती बाहेर काढून टेबलावर ठेवलेली. मॅडमनी मला हातमोजे दिले, पाना दिला. "तुम्हीच उघडा. सगळ्यांसमोर. एकेक."

हा सापळा आहे, हे मला पक्कं वाटलं. माझ्याच हातानं माझी चूक काढायची. पण नाही कसं म्हणणार? मी उघडायला लागले. पहिला स्क्रू घट्ट. पुढचा घट्ट. त्यापुढचा घट्ट. मग एक आला तो पान्याला काही जोर न लागता फिरला, नळाच्या ढिल्या चावीसारखा.

"बघा!" तात्या म्हणाले. "म्हनलं न्हवतं?"

मी स्क्रू बाहेर काढला. मॅडमनी चकती तिरकी करून ते भोक पांढऱ्या कागदावर झटकायला लावलं. कागदावर थोडी पूड पडली आणि पुडीत एक बारका पांढरट तुकडा. ड्रायव्हर वाकून बघत होता. तोच ओरडला, "तांदूळ हाय की हो ह्यो!"

"भातवाली!" कुणीतरी मागून म्हणालं.

तेवढं पुरे होतं. सगळ्या शेडमध्ये भात खाणारी मी एकटी. मालक म्हणाले, "टेबलावर जेवता काय तुम्ही?" मी कधीही टेबलावर डबा उघडला नव्हता, पण ते सांगायच्या आत मॅडम पुढं झाल्या.

मॅडमनी तो तुकडा चिमट्यानं उचलला, डोळ्याजवळ धरला. खिशातून भिंग काढलं.

"हा शिजलेला नाही."

"मग कच्चाच खाती आसंल," ड्रायव्हर म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"कच्चा. ठीक." मॅडम भिंग माझ्याकडं नाही, तात्यांकडं घेऊन गेल्या. "आन लाल? तात्या, बघा बरं नीट. डब्यातल्या तांदळाला कुंकू कोन लावतंय?"

तात्यांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"खंडेनवमी," ते म्हणाले.

तेच पुढं बोलले, मालकांकडं बघून. खंडेनवमीला शेडमधली सगळी हत्यारं पुजली होती, पाने, मापं, मशीन. चकती घोड्यावर होती. तिलाही हळदकुंकू वाहिलं आणि वर अक्षता टाकल्या. "परदेशात चाललीय म्हनलं, लेक सासरी चालल्यावानी. नुस्ती कशी पाठवायची?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं स्वच्छ पुसलं होतं. उघड्या भोकात एक दाणा गेला असेल, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारणच नव्हतं.

"आणि ह्या तेव्हा कुठं होत्या?" मॅडमनी विचारलं.

"डाळिंबाच्या पॅकिंगला," मी म्हणाले.

मग मॅडमनी मालकांना एकेक करून सांगितलं. मी स्क्रू घातला तो त्या दाण्यावर जाऊन टेकला. दाणा कठीण, त्यामुळं पान्याची टिक वाजलीच. मशीनवर तोल जमला तोही दाण्यासकट. पण टाकीतली हवा काढली, चकती वेगानं फिरली, दाण्यातली होती नव्हती ती ओल गेली आणि त्याचं पीठ झालं. स्क्रूखाली पोकळी. "म्हणून पहिल्या दिवशी रेघ बारीक होती. टिक न वाजवता आवळलेला स्क्रू असता तर पहिल्याच फेरीला बोंबलला असता. हे हळूहळू वाढत गेलं, म्हणून मी थांबा म्हटलं. त्रास आत्ता पोचला, पण सुटला तो मागं."

ड्रायव्हरनं मांडीवर थाप मारली. "मागच्या खेपेची बैलगाडी!"

"तीच," मॅडम म्हणाल्या.

मी तात्यांकडं बघितलं. टोपी हातात, नजर मालकांच्या तोंडावर. आपलं आता काय होणार, हे विचारणारी नजर. ती मला चांगली ओळखू आली, सकाळपासून तीच घेऊन मी फिरत होते.

"मालक, चूक माजी हाय," ते म्हणाले. "हिच्यावर मी बोललो ते बी माजंच."

मालक काही बोलायच्या आत मॅडमच म्हणाल्या, "अक्षता टाकल्यात, दगड तर न्हाय टाकलं. स्क्रू घालायच्या आधी प्रत्येक भोक हवेनं फुंकायचं, एवढं आजपासून सुरू करा. आन पुढच्या खंडेनवमीला पेटीची पूजा करा, चकतीची नको."

"लेक डोलीत बसल्यावर अक्षता टाकायच्या म्हना की," तात्या म्हणाले, आणि मालकसुद्धा हसले. मला त्यांनी तिथंच सांगितलं, उद्या वेळेवर या. पक्कीचं काही बोलले नाहीत. मी ते ऐकायला थांबले होते, हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

भोकं फुंकली, स्क्रू पुन्हा लावले, मीच लावले. या वेळी तात्या टिक वाजली की माझ्या आधी मान हलवायचे. पुन्हा तोल, पुन्हा टाकी. रेघ केसासारखी, आणि दिवसामागून दिवस तशीच राहिली. मी पोत्यांमागून तिच्याकडं बघत राहायची. आता फुगेल, मग फुगेल. सवय लगेच जात नाही.

मॅडम निघाल्या त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "तुम्ही माझ्या हातांचा फोटो का काढला होता?"

त्यांना आधी आठवेना. मग म्हणाल्या, "पाना कसा धरता ते बघायला. तुम्ही सरळ धरता, दोन्ही हातांनी. तिरका धरणाऱ्याच्या हातून आटे बिघडतात, मला आमच्या लोकांना दाखवायचा होता. गडबड तुमच्या हातची नसावी असं मला वाटतच होतं. पण नुसतं वाटून काय उपयोग, मालकांना दाखवता यायला हवं ना?"

"आणि दिवाळीनंतर, दिवाळीनंतर असं का म्हणालात?"

"कोण कधी आलं ते बघायची सवय आहे हो. दिवसभर तेच करते मी."

मी पिशवी पुढं केली. घरून आलेला चिन्नोर तांदूळ, निवडून, कापडात बांधून दिलेला. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि डोळे मोठे केले. "तांदूळ? पुन्हा?" मग हसत म्हणाल्या, "मला शिजवता येत नाही नीट. ठेवा. कधीतरी शिजवून घाला." पिशवी परत माझ्या हातात दिली आणि गाडीत बसल्या.

मार्चमध्ये मी पक्की झाले. खोली मिळाली. जूनला मुलगी आली, तेच दप्तर घेऊन. पहिल्या रविवारी तिला शेड दाखवायला नेलं तर तात्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "काय गं, तू बी भातवालीच का?" ती माझ्याकडं बघायला लागली, खरं सांगावं की नाही म्हणून. मी मान हलवली, सांग.

चकती गेली. ती आता कुठल्याशा नळीसमोर फिरत असेल, मागून येणाऱ्यांना थोपवत. पुढच्या चकतीचं काम आलं आहे. तात्या म्हणतात, ही पहिल्यापासून तूच घे.

मॅडम, हे तुमच्या हाती कधी पडलं तर एवढं ध्यानात ठेवा. तांदूळ मी संपवलेला नाही, दर वर्षी नवा आला की जुना काढून नवा बांधून ठेवते. एक दिवस सुप्याला तुमच्या घरी येऊन तुम्हाला वाफेचा भात माझ्या हातानं वाढीन. आणि येताना रिकाम्या हातानं येणार नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताखालून गेलेली, तुम्हाला एकदाही उघडावी न लागलेली चकती तुमच्याकडं पोचली असेल, तेव्हाच येईन. उशीर झाला तर मागच्या खेपेला सुटलेली समजा. पण मी पोचेन.